30 पैकी 2, आणि आई घराबाहेर पडत नाही

पत्र: ताई, नमस्कार. माझी आई 61 वर्षांची, सातारा जिल्ह्यात गावी दादा-वहिनीकडे असते, बाबा पण तिथेच. नाकाच्या शेंड्याजवळ तीन-चार वर्षं एक काळसर पुटकुळी होती, खपली धरायची, निघायची, रक्त यायचं, आम्ही सगळ्यांनी दुर्लक्ष केलं. शेवटी बायोप्सी केली तर बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर निघाला. सात महिन्यांपूर्वी ऑपरेशन करून ते सगळं काढलं आणि कपाळाची कातडी वळवून नाक परत बनवलं. डॉक्टर रिझल्टवर खूष आहेत. मागच्या फॉलोअपला ओपीडीबाहेर बाकावरच एका मुलाने दहा प्रश्न वाचून दाखवले आणि फॉर्म भरून घेतला, क्वालिटी ऑफ लाईफ मोजतोय म्हणाला. आईचे 30 पैकी 2 आले. तो म्हणाला छान आहे, मावशींना विशेष त्रास नाही. पण ताई, आई सात महिने भजनाला गेलेली नाही, आरशावर टॉवेल टाकलेला असतो, भाचीच्या बारशाला आतल्या खोलीत बसून होती, चष्मा लावत नाही, पोथी वाचायची सोडली, स्वतःचं ताट-तांब्या वेगळा ठेवलाय. मग 2 कसे? तो फॉर्म खोटा आहे का? पुढच्या वेळी मीच खरा खरा भरून देऊ का? दादा म्हणतो नंबर चांगला आलाय, तू उगाच उकरून काढू नको. – एक मुलगी, पुणे

उत्तर: अगं, तुझं पत्र वाचलं आणि परत एकदा वाचलं. तुला अगं-तुगं करते, माझ्या धाकट्या बहिणीएवढी असशील. आधी सरळ उत्तर देते. तिच्या नावावर तू फॉर्म भरू नकोस. आणि फॉर्म खोटा पण नाहीये. पण तुला जे दिसतंय तेही शंभर टक्के खरं आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात ते नीट सांगते, कारण मी 19 वर्षं हॉस्पिटलात सोशल वर्करचं काम करतेय आणि असे फॉर्म किती जणांकडून भरून घेतलेत त्याची मोजदाद नाही.

दहा प्रश्न, 30 पैकी मार्क आणि स्किनच्या पेशंटला दिलेला, म्हणजे तो बहुतेक डीएलक्यूआय असणार. डर्मेटॉलॉजी लाईफ क्वालिटी इंडेक्स. ब्रिटनमध्ये वेल्सच्या कार्डिफमधल्या फिनले आणि खान या दोघांनी 1994 मध्ये तो प्रसिद्ध केला, आज जगभर वापरतात. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3, सगळे प्रश्न फक्त गेल्या आठवड्याबद्दल, आणि मार्क जितके जास्त तितका त्रास जास्त. 0-1 म्हणजे आयुष्यावर काही परिणाम नाही, 2 ते 5 म्हणजे थोडासा, 10 च्या वर गेलं की खूप. त्यामुळे तो मुलगा जे बोलला ते तक्त्याप्रमाणे बरोबरच होतं बघ.

आता त्या बाकावर आपण आईच्या शेजारी बसू. ती काय बोलली ते मला माहीत नाही, अंदाजाने सांगतेय, पण हे मी इतक्या वेळा बघितलंय की फार चुकत नसेन. पहिला प्रश्न, खाज-आग-दुखणं आहे का. वळवून आणलेली कातडी बऱ्याचदा बधिर असते, ती म्हणाली नाही, शून्य. दुसरा, त्वचेमुळे लाजल्यासारखं होतं का, ती म्हणाली थोडं, एक. बाजारहाट किंवा घरकामात अडचण? बाजार दादा आणतो, स्वयंपाक ती करतेच, शून्य. कपडे काय घालायचे त्यावर परिणाम? पदर तर आधीपासून डोक्यावर होताच, आता तो पुढे नाकापर्यंत ओढला जातो हे कोण सांगणार, शून्य. लोकांत मिसळण्यात गेल्या आठवड्यात अडचण आली का? इथे खरी गोम आहे, कारण ती भजनाला गेलीच नाही तर अडचण येणार कुठून, माणूस दार लावून बसला की दाराबाहेरचा त्रास शून्यच होतो, आणि फॉर्म फक्त आठवड्याचं विचारतो, सात महिन्यांचं नाही. मग खेळात अडचण येते का असं आहे, 61 वर्षांच्या बाईला तो लागूच नाही, आणि लागू नाही म्हणजे पण शून्यच धरतात. कामाचं तेच. मग नवरा आणि जवळच्या माणसांशी काही प्रॉब्लेम होतो का, तोपर्यंत शेजारी दादा बसलेला असेल तर ती काय सांगणार. आणि नववा प्रश्न शरीरसंबंधांचा आहे गं. पोराच्या वयाच्या मुलाने, बाकावर, लोकांच्या गर्दीत, खरोखरचा पोरगा बाजूला असताना तो वाचून दाखवला असेल. त्यानंतर कुठलीही आई पटापट नाही-नाही म्हणून उठायलाच बघेल. दहावा, उपचारांचा त्रास होतो का, थोडा. झाले दोन.

मी पण ही चूक केलीय. नोकरीला लागून दोन-तीन महिने झाले होते, एका काकूंना त्यांच्या दिरासमोर हाच नववा प्रश्न मोठ्याने वाचला. त्यांनी मान खाली घातली ती मी जाईपर्यंत वर केली नाही, आणि पुढच्या फॉलोअपला त्या आल्याच नाहीत. अजून त्यांचा चेहरा आठवतो. तेव्हापासून वाचता येणाऱ्या पेशंटच्या हातात मी कागद आणि पेन देते, वेगळी खोली देते आणि बाहेर थांबते, आणि वाचूनच दाखवायचं असेल तर बाईंना बाईच.

आणि यावरून तुला एक विचारते. आई पोथी वाचायची म्हणतेस, म्हणजे तिला वाचता येतं. मग त्या मुलाला प्रश्न वाचून का दाखवावे लागले? तू चष्म्याचं लिहिलंयस म्हणून मला वाटतंय की चष्म्याच्या नाकपट्ट्या नेमक्या नव्या नाकावर किंवा कपाळातून खाली आलेल्या व्रणावर टेकत असणार, दुखत नसेल तरी बधिर जागेवर ते ओझं विचित्र लागतं, शिवाय नाकाला काही होईल ही भीती. म्हणून चष्मा नाही, म्हणून पोथी नाही, म्हणून फॉर्म स्वतः वाचला नाही. हा सगळा त्रास आयुष्यातला रोजचा त्रास आहे आणि त्या 2 मध्ये तो कुठेच नाही.

डीएलक्यूआय वाईट नाहीये हं. इसब, सोरायसिस असल्या आजारांत तो चांगलं काम करतो कारण तिथे खाज, आग, मलमं, कपड्यांवर डाग हेच रोजचं जगणं असतं. चेहऱ्यावरच्या कॅन्सरचं दुखणं वेगळं. तो फारसा खाजत नाही, बेसल सेल तर शरीरात दुसरीकडे क्वचितच पसरतो, जीवावर सहसा बेतत नाही, जिथे आहे तिथेच खात जातो, म्हणून जुने डॉक्टर त्याला रोडंट अल्सर म्हणायचे. सर्वसाधारण तब्येतीचे फॉर्म दिले की या पेशंटचे आकडे जवळजवळ निरोगी माणसासारखेच येतात हे अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या वीसेक वर्षांपूर्वीच लक्षात आलं, आणि म्हणून विस्कॉन्सिनमधल्या एका टीमने स्किन कॅन्सर इंडेक्स नावाचा वेगळा फॉर्म तयार केला, 15 प्रश्न, तीन भाग, मनाचं, लोकांत वावरण्याचं आणि दिसण्याचं. त्यानंतर 2018 मध्ये फेस-क्यू नावाच्या मोठ्या संचातला स्किन कॅन्सरचा भाग प्रसिद्ध झाला, न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगच्या डॉक्टरांचा त्यात मोठा हात आहे. त्यात चेहरा कसा वाटतो, व्रण कसा वाटतो, दिसण्यामुळे मनाला किती त्रास होतो, कॅन्सर परत येईल याची काळजी किती, हे सगळं वेगवेगळं विचारतात आणि प्रत्येकाचे 0 ते 100 असे स्वतंत्र मार्क असतात. सगळ्यांची एकत्र बेरीज करत नाहीत, आणि ते मला फार पटतं, कारण एखादी बाई व्रणावर समाधानी असते पण काळजीने रात्रभर जागी असते, बेरीज केली की दोन्ही गोष्टी एकमेकीत बुडून जातात. एक मात्र लक्षात ठेव, चेहरा आणि व्रणाच्या मार्कांत जास्त म्हणजे चांगलं, आणि त्रास आणि काळजीच्या मार्कांत जास्त म्हणजे वाईट. नुसता आकडा कानावर आला की घरचे उलटा अर्थ लावतात.

तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचार की फेस-क्यू किंवा स्किन कॅन्सर इंडेक्स तुमच्याकडे आहे का आणि मराठीतला तपासलेला अनुवाद आहे का. घरी बसून तू भाषांतर करून घेऊ नकोस, ते वाटतं तितकं सोपं नाही. आपल्याकडे टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या कॅन्सरसाठीचे युरोपातले फॉर्म हिंदी आणि मराठीत आणून आपल्याच पेशंटवर तपासून 2005 मध्ये छापले होते, म्हणजे हे काम आपल्याकडे नीट होऊ शकतं. पण ते फॉर्म गिळणं, बोलणं, तोंड कोरडं पडणं यावर आहेत, आईच्या कामाचे नाहीत. आणि अजून एक विचार, ऑपरेशनच्या आधी असा कुठला फॉर्म भरला होता का. आधीचा आकडा नसेल तर आत्ताच्या 2 ची तुलना कशाशी करायची? मोजायचं तर आधी एकदा, काही महिन्यांनी एकदा आणि वर्षाने एकदा, एकाच फॉर्मवर, तर काही कळतं.

आता जे कुठल्याच फॉर्मात नाही ते. नाक गेलं की आपल्या बाईची नथ जाते. न्यूयॉर्कच्या फॉर्मात नथीचा प्रश्न कसा असणार? पण बारशाला सगळ्या बायका नथी घालून पाळण्याभोवती उभ्या असतील आणि आजी आत का बसली असेल याचं उत्तर मला तरी अर्धं इथेच दिसतं. आणि कातडी घेतली कपाळावरची, म्हणजे जिथे कुंकू लावायचं त्याच्या शेजारून वर केसांपर्यंत व्रण. बाबा आहेत म्हणालीस. चाळीस वर्षं रोज सकाळी आरशात बघून कुंकू लावलेल्या बाईला तो आरसा आता काय दाखवत असेल याचा विचार कर. टॉवेल मला समजतो. शिवाय पहिले तीनेक आठवडे, दुसरं छोटं ऑपरेशन होऊन ती कातडीची पट्टी कापेपर्यंत, कपाळापासून नाकापर्यंत मांसाचा पूल लोंबत असतो, त्या दिवसांत घरातलं एखादं लहान पोर सोंड आलीय म्हणून ओरडलं असेल, कुणी शेजारीण बघून दचकली असेल, ते मनात राहतं. पट्टी कापून काढली तरी ते जात नाही.

तुला माहितेय का, हे कपाळाच्या कातडीचं ऑपरेशन जगाला पुण्यातून कळलं. कावसजी नावाचा माणूस, इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा, 1792 च्या लढाईत टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला आणि मग पुण्याजवळच्या एका देशी कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नाक करून दिलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते बघितलं, पुण्यात असलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचं चित्र काढलं आणि ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये सगळी हकीकत छापून आली. त्यात लिहिलंय की नवं नाक पक्कं बसतं, जवळजवळ खऱ्यासारखंच दिसतं आणि कपाळावरचा व्रण पण काही काळाने फारसा दिसत नाही. सगळं बघणाऱ्याच्या नजरेतून. कावसजीला बाजारात जाताना कसं वाटायचं, घरचे काय म्हणाले, त्याबद्दल त्या हकिकतीत काही नाही. सव्वादोनशे वर्षांनी आपल्या ओपीडीत पण डॉक्टर आधी फोटो बघतात, कातडी जगली का, नाकपुडी उघडी आहे का, आणि ते बघायलाच हवं, पण त्यांचा रिझल्ट आणि आईचा रिझल्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे फॉर्म निघाले ते एवढ्यासाठीच, की पेशंटचं त्याच्याच तोंडून कळावं. म्हणून म्हणते की तू तिच्या जागी भरू नकोस. घरच्यांनी भरलेल्या फॉर्मात त्रास सहसा पेशंट सांगतो त्यापेक्षा जास्त दिसतो, कारण त्यात आपली काळजी आणि अपराधीपणा मिसळलेला असतो, आणि तीन-चार वर्षं दुर्लक्ष केलं असं तू पत्रात स्वतःच लिहिलंयस.

तू तुझा वेगळा कागद लिही. सात महिन्यांत आई काय काय करायची थांबली, फक्त तेवढं, तारखेसकट जमलं तर उत्तम. भजन, पोथी, चष्मा, बारसं, ताट-तांब्या. डॉक्टरांच्या हातात तो कागद दे. आईला वाईट वाटतं असं म्हटलं की डॉक्टर म्हणतील, होईल हळूहळू बरं, पण चष्मा टेकत नाही म्हणून वाचन बंद आहे असं सांगितलं तर त्यांना करण्यासारखं काहीतरी सापडतं. हलकी फ्रेम, पट्ट्या बदलून दुसरीकडे टेकवणं, चष्मेवाला आणि सर्जन मिळून हे सोडवू शकतात. नाक जाड, फुगीर वाटत असेल तर आतून पातळ करायचं छोटं ऑपरेशन असतं. कपाळाच्या केसांच्या रेषेजवळची कातडी आली असेल तर नव्या नाकावर बारीक केस येतात, बायका हे मरेपर्यंत सांगत नाहीत, त्यावरही उपाय आहे. व्रण मुरून फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आजचा लालसरपणा कायमचा नाही, उन्हात मात्र पदर आणि सनस्क्रीन दोन्ही पाहिजे. नथीचं सर्जनलाच विचार. टोचायचं तर नाहीच आणि दाबाची नथ पण त्यांना विचारल्याशिवाय लावायची नाही, बधिर कातडीला दाब कळत नाही आणि जखम होते. पण विचार मात्र नक्की. पेशंटच्या तोंडून नथ हा शब्द आला की मी सर्जनना खुर्ची पुढे ओढून बसताना बघितलंय. टिकलीच्या गोंदाचं आणि कुंकवाचं पण विचारून घे, व्रणाला चालतं का, कुठे लावायचं.

ताट-तांब्याचं मात्र थांबू नको, आजच फोन कर. हा रोग शिवून, एका ताटात जेवून, नातीला जवळ घेऊन कुणाला होत नाही, आणि हे तिला डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडाने, दादा-वहिनींसमोर सांगायला हवं, तू सांगून ती ऐकणार नाही. मला वाटतं ती तुमच्या जीवाला जपतेय. म्हणजे मनातून ती अजून स्वतःला कॅन्सरवालीच समजते, ऑपरेशन होऊन सात महिने झाले तरी. फेस-क्यूमधल्या काळजीच्या प्रश्नांत हेच वर येतं. गाठ पूर्ण निघालीय हा रिपोर्ट तिला कुणी मराठीत समजावून सांगितलाय का? आणि फॉलोअप का चालू आहे ते पण सांगा, एकदा झालेल्याला दुसरीकडे नवीन येऊ शकतं म्हणून कातडी बघत राहायची असते, आधीचं उरलंय म्हणून नाही. कारण सांगितलं नाही तर प्रत्येक तारीख तिला परत आलं असेल म्हणूनच बोलावलंय असं वाटणार.

आईशी बोलताना तुला त्रास होतो का असं विचारू नकोस, उत्तर नाही असंच येणार, आपल्या आयांचं ते ठरलेलं आहे. दोघीच असताना, भाजी निवडताना वगैरे, भजनातल्या बायका काय म्हणत होत्या ते विचार. किंवा सरळ सांग की आई, मला तुझा चेहरा बघायला आवडतो, आणि मग गप्प बस. ती रडली तर रडू दे. आणि झोप गेली असेल, जेवण तुटलं असेल, जगून काय करायचं असं काही बोलली असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, मानसोपचार डॉक्टरांकडे घेऊन जा, किंवा 14416 वर फोन करा, सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

दादावर चिडू नकोस. त्याने सात महिने आईला गाडीवरून नेलंय-आणलंय, त्याला 2 हा आकडा हवाच होता. त्याला दोषही देऊ नको आणि आकडा चुकला असं पण म्हणू नको, एवढंच सांग की तो फॉर्म बाकावर भरला होता, आता आई आत बसून स्वतः भरेल. पुढच्या भेटीला तू सुट्टी काढून जा, सकाळी लवकर, ओपीडीत गर्दी व्हायच्या आत. सिस्टरला किंवा तिथल्या सोशल वर्करला सांग की वेगळी जागा द्या, अर्धा तास द्या, वाचायचं असेल तर बाई द्या. नववा प्रश्न नको असेल तर कोरा सोडायचा, चालतं, तेही आईला आधीच सांग. दादाला खाली चहाला पाठव. आणि निघताना पर्समध्ये तिचा चष्मा आठवणीने घे, तोपर्यंत फ्रेम बदलून झाली नसेल तर नाकपट्टीखाली कापसाची घडी ठेवून अर्धा तास हाताने धरता येतो.